रायफल कारखान्याची, मूठ मात्र आपल्या मापाची
रायफल मापाने घडवून घेण्याची पद्धत शिकाऱ्यांमध्ये जुनी आहे. आपल्याकडचे संस्थानिक लंडनच्या कारागिरांकडून आपल्या हाताच्या आणि खांद्याच्या मापाची हत्यारे करवून घेत, कारण रानात जनावर क्षणभरच दिसते आणि कुंदा, म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा भाग, खांद्याला लागताक्षणी डोळा आपोआप नेमावर यावा लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा हा छंद आपल्याकडे संपला. पण तोच प्रश्न वरळीच्या रेंजवर दहा मीटर एअर रायफलचे नवे नेमबाज आणि त्यांचे पालक आजही विचारतात: तयार घ्यावी की बनवून घ्यावी?

माझे मत आता ठाम झाले आहे. नळी, ट्रिगर आणि हवेचा सिलिंडर हे कारखान्याचेच असावेत. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम ०.५ मिलिमीटरचा असतो आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा, तिथे हौशी हाताची करामत चालत नाही. जर्मनीतील उल्म आणि ओबर्नडॉर्फचे नामांकित कारखाने रायफल शिकंज्यात धरून झाडलेल्या छर्ऱ्यांचे कार्ड सोबत देतात. ते कार्ड पाहिले की नळीविषयीची शंका मिटते.

अंगाला लागणाऱ्या भागांची गोष्ट वेगळी आहे. ७५ मिनिटांत ६० नेम आणि हातात साडेपाच किलोपर्यंतचे वजन, अशा खेळात गाल किंवा मनगट थोडेसे जरी अवघडले तरी चाळिसाव्या नेमानंतर ते गुणांत दिसू लागते. म्हणून दोन वर्षांपूर्वी मुलीसाठी मी रे रोडच्या वखारीतून अक्रोडाचे लाकूड आणले आणि एका कसबी सुताराकडून कुंदा घडवून घेतला. काम देखणे झाले होते. चूक माझीच होती: माप घेताना ती साध्या सुती शर्टात, सैल उभी होती. नेमबाजीचे ताठ कॅनव्हासचे जॅकेट चढवून, डावी कंबर पुढे काढून ती उभी राहिली तेव्हा कुंदा बोटभर लांब ठरला, आणि तो सावरण्यासाठी ती मान पुढे ताणू लागली. पुढे जुलैच्या दमट हवेत लाकूड फुगले, कुंदा धातूच्या अंगाला एका बाजूने रेटू लागला आणि आदल्या दिवशी लावलेली नेम धरायची साइट दुसऱ्या दिवशी चुकू लागली.

त्यानंतर आम्ही ॲल्युमिनियमचा तयार कुंदा घेतला. त्याचे चीकपीस (गाल टेकायची पट्टी) आणि बटप्लेट (खांद्याला लागणारी पट्टी) किल्लीने वरखाली, मागेपुढे सरकवता येतात, आणि वाढत्या वयाच्या मुलीसाठी ही सोय कोणत्याही सुबक लाकडापेक्षा मला मोलाची वाटते. वर्षभराने तिची उभे राहण्याची ढब पक्की झाल्यावर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, फक्त मूठ तेवढी मापाची केली: कारखान्याच्या लाकडी मुठीवर एम-सीलचा पातळ थर लावला, तिने जॅकेट घालून, रायफल नेमावर धरून ती मूठ आवळली आणि हाताचा ठसा नीट उमटेपर्यंत तशीच उभी राहिली. जास्तीचा भाग मी पॉलिशपेपरने घासून काढला. अंगठ्याच्या खोबणीत तिच्या कातडीच्या बारीक रेघा उमटल्या आहेत. तेवढ्या जागेला हात लावायचा नाही, असे तिने मला बजावले आहे.