बेस गिटारला टेपवाउंड तारा : माझा अनुभव

सुगम संगीताच्या कार्यक्रमात बेसवाल्याकडे कुणाचं लक्ष नसतं आणि ते तसंच असलेलं बरं. माझ्याकडे मात्र लक्ष जायला लागलं होतं. भावगीताच्या अंतऱ्यात हात जरा वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सरकला की स्पीकरमधून 'सुंईं' असा आवाज यायचा, आणि खालचा सूर लांबवला की त्याची धातूची झणझण थेट शब्दांवर पडायची. आमच्या गायिका एकदा तालमीत सरळच म्हणाल्या, "दादा, तुमचा बेस खणखणतो हो." तबलजी काही बोलला नाही, पण मान हलवली.

दोष बेसचा नव्हता, तारांचा होता. त्यावर राउंडवाउंड तारा होत्या, म्हणजे पोलादी गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली. हाताला खरखरीत लागणारी आणि आवाजाला चकाकी देणारी ही जात. १९६६ च्या सुमारास 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या बेसवादक जॉन एंटविसलने रोटोसाउंड या तारांच्या कंपनीकडून आपल्याला हव्या तशा तारा करून घेतल्या आणि रॉकमध्ये बेस पियानोसारखा वाजू लागला. रॉकला ते शोभतं. हार्मोनियम, बासरी आणि तबला यांच्यामध्ये बसून तसं वाजवलं की सगळ्यांच्या वाटेत यायला होतं. टोनचं बटण शून्यावर आणूनही पाहिलं. खणखण गेली, पण तिच्याबरोबर सुराची कडही गेली.

खरी अडचण डग्ग्याशी होती. डग्गा आणि बेस खालच्या एकाच पट्ट्यात राहतात. तबलजी मनगट दाबून जो घुमारा काढतो, त्याला मोकळी जागा लागते. राउंडवाउंडचा सूर रेंगाळतो आणि ती जागा अडवून बसतो. मला हवा होता तो उभ्या डबल बेससारखा सूर: सुरुवातीला गोल ठोका, मग खर्ज, आणि लगेच बाजूला होणं.

त्यासाठी दोन पर्याय होते. फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पोलादी पट्टीने गुंडाळलेल्या तारा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन अशाच जाड तारा वापरायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. आवाज सुंदर, पण ताण बऱ्याचदा जास्त, आणि तीन तास बसून वाजवणाऱ्या माझ्या डाव्या हाताला ते नको होतं. दुसरा पर्याय टेपवाउंड. आत पोलादी गाभा, त्यावर धातूचं वेष्टण आणि सगळ्यात वर नायलॉनची पट्टी, बहुतेक वेळा काळी. मुंबईतल्या एका मित्राच्या फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेल्या बेसवर त्या होत्या. (फ्रेटलेसवाले त्या आवडीने लावतात, कारण नायलॉनने लाकडी फिंगरबोर्डला चरे पडत नाहीत.) वाजवून पाहिल्या आणि ठरलं.

पण कोणत्या घ्यायच्या? आकडे बघायला लागलो आणि तिथेच अडकलो. रोटोसाउंडच्या ट्रू बेस ८८ चं गेज, म्हणजे सगळ्यात बारीक 'जी'पासून डी, ए आणि सगळ्यात जाड ई अशा चार तारांची जाडी, ६५-७५-१००-११५. ला बेला ७६०एन चं ६०-७०-९४-११५. डॅडारिओच्या ईटीबी९२ चं ५०-६५-८५-१०५. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. ११५ वाचून वाटतं, दोरखंडच लावायचा आहे, नेक (बेसची मान) वाकणार. प्रत्यक्षात उलटं असतं. तारेची लांबी तीच आणि सूर तोच असेल, तर ताण ठरतो तो तारेच्या वजनावर, जाडीवर नाही. नायलॉन पोलादाच्या जेमतेम सातव्या हिश्श्याइतकं जड. त्यामुळे टेपवाउंडची बरीचशी जाडी नुसती दिसायची असते, आणि ११५ ची नायलॉनवाली तार १०५ च्या राउंडवाउंडपेक्षा सैलसुद्धा लागू शकते.

सैलपणाचा प्रश्न मला जास्त होता, कारण आमचे पुरुष गायक काळी दोनला गातात. तो सा म्हणजे ए तारेचा सहावा फ्रेट. खालच्या सप्तकातला सा हवा तर ई तार अर्धा सूर उतरवावी लागते, आणि मुळात कमी ताणाची तार आणखी उतरवली की ती फ्रेटवर फडफडते.

जाडीचा त्रास वेगळ्या ठिकाणी होतो, नटमध्ये, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीत. माझ्या बेसच्या नटच्या खाचा ४५-१०५ च्या संचासाठी कापलेल्या आहेत. त्यात ६५ ची 'जी' तार बसवायची म्हणजे १.१४ मिलिमीटरच्या तारेच्या जागी १.६५ ची. खाच कानसल्याशिवाय ती खाली टेकणारच नाही. आणि नट एकदा कानसला की परतीचा रस्ता नाही. पुन्हा बारीक तार लावली तर ती रुंद खाचेत खडखडते, मग नटच बदला. कुणी 'थोडंसंच घासायचंय' म्हणालं तर माझं मत साफ आहे: तारा आवडतील की नाही हे कळायच्या आधी कानसीला हात लावू नये. ५०-१०५ च्या संचात फक्त 'जी' तार किंचित जाड होती, बाकीच्या जिथल्या तिथे बसणार होत्या. म्हणून डॅडारिओ. आवाजाची तुलना करत बसलो असतो तर अजून बसलोच असतो.

किंमत साध्या संचाच्या साधारण दुप्पट. एका विक्रेत्याने शॉर्ट स्केलचा, म्हणजे आखूड तारांचा संच पाठवून दिला, तो परत करण्यात वेळ गेला. मागवताना 'लाँग स्केल' हे शब्द पाकिटावर आहेत ना, ते फोटोत बघून घ्या.

तारा चढवताना मी एकेक काढून एकेक लावली, नेकवरचा ताण एकदम जाऊ नये म्हणून. कापायच्या आधी तार काटकोनात दुमडायची आणि मग दुमडीच्या पुढे कापायची. सरळ कापली तर आतलं वेष्टण गाभ्यावरून सुटून फिरतं आणि तार मेल्यासारखी वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे, वरून खाली. ज्यांच्या बेसमध्ये तारा बॉडीच्या मागून आत जातात त्यांनी जपावं. तिथल्या तीव्र वळणावर नायलॉनची पट्टी फाटू शकते.

सूर लावला आणि पहिल्या तीन फ्रेटवर करकर सुरू. अपेक्षितच होतं. ताण कमी झाला की नेक सरळ होते, कधी मागेही झुकते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, शेवटचा फ्रेट दाबला आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहिलं. सरकेना, म्हणजे नेकला बाक उरला नव्हता. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक कमीजास्त करणारी सळी, अगदी थोडा सैल केला, पाव फेऱ्याहूनही कमी, आणि नेकला रात्रभर तशीच सोडली. सकाळी कार्ड अलगद जात होतं. मग बाराव्या फ्रेटवर सूर तपासून ब्रिजवरची सॅडल्स, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे, जागेवर आणली.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. मॅग्नेटिक पिकअपला, म्हणजे तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकाला, नायलॉन दिसतच नाही, त्याला दिसतो फक्त आतला धातू. तो कमी, आणि तारेच्या पृष्ठभागापासून आत. म्हणून आवाज जरा बारीक येतो. माझा पिकअप फेंडरच्या प्रिसिजन बेससारखा दोन तुकड्यांचा आहे. ई-ए चा तुकडा थोडा वर घेतला, डी-जी चा त्याहून थोडा जास्त, तेव्हा चारही तारा सारख्या बोलायला लागल्या.

आता कार्यक्रमात हात सरकला तरी 'सुंईं' नाही. ठोका गोल येतो, सूर वेळेत आवरतो, डग्ग्याचा घुमारा ऐकू येतो. पावसाळ्यात घामेजल्या बोटांनी वाजवलं तरी पृष्ठभागावर गंज नाही. एरवी जुलैत माझ्या तारा हात काळे करायच्या. तक्रारीही आहेत. नवीन असताना नायलॉन बोटाला किंचित रबरी लागतं, ते वापराने गेलं. स्लॅप विसरा, अंगठा मारला की नुसता 'थप' होतो. आणि काळी दोनसाठी ई तार उतरवली की जोरात वाजवता येत नाही, हात हलका ठेवावा लागतो.

भाच्याच्या कॉलेजच्या बँडला कधी बेसवाला लागला तर मी जुना, राउंडवाउंडवाला बेस घेऊन जातो. सुगमच्या कार्यक्रमाला फक्त हा. साउंडवाल्याला एवढंच सांगतो, वरचं काही कापू नकोस, आता कापण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही.