चुली किती?

परवा दुपारी माळा आवरायला काढला आणि 2011 च्या जनगणनेची सूचनापुस्तिका हाती लागली, त्याआधी 2010 मधे झालेल्या घरयादीची. कडेकडेने माझ्याच पेन्सिलच्या खुणा. मग काय, आवरणं राहिलं बाजूला, स्टुलावरच वाचत बसले.

ऐन मे महिन्यातली ड्युटी होती ती, डोक्यावर ओला रुमाल, फॉर्ममधे 35 प्रश्न. भिंत कशाची, छप्पर कशाचं, जमीन कशाची. कुडाच्या भिंती, वर पत्रा आणि खाली मस्त शहाबादी फरशी असली की आधी मी गोंधळायचे, नंतर कळलं आपण डोकं चालवायचं नाही, तीन कोड टाकायचे आणि पुढच्या दारात जायचं. पण 'घराची स्थिती' हा रकाना आला की जीभ अडखळायची. चांगलं, राहण्याजोगं, की मोडकळीला आलेलं? ज्या दारात आत्ताच पाणी प्यायलो तिथे हे कसं विचारायचं हो?

खोलीची व्याख्या तर भारीच. 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद, 2 मीटर उंच असेल तर खोली. स्वयंपाकघर मोजायचं नाही, पण त्यातच झोपणं-बसणं असेल तर मोजायचं. लहानपणी जिन्याखाली 'माझी खोली' होती, दारावर खडूने नाव पण लिहिलेलं. उंचीत नापास.

आणि कुटुंब म्हणजे काय, तर एका स्वयंपाकघरात जेवणारे. म्हणजे 'वेगळी चूल मांडली' हे आपल्याकडच्या बायका कधीपासून बोलतायत तेच सरकारने फॉर्मवर घेतलंय.

यावरून आजी आठवली. 1990 साल असेल, घरयादीवाले गुरुजी ओसरीवर टेकलेले, आजीने हातात चहा दिला. "चुली किती, आजी?" "एकच." नेमका तेव्हाच मागच्या पडवीत काकूने पंपाचा स्टो पेटवला. फर्रर्र. आईचं न् काकूचं दिवाळीपासून बिनसलेलं, सगळ्या आळीला माहीत. गुरुजींचं पेन थांबलं. आजी म्हणाली, "आंघोळीचं पाणी तापतंय." दुपारी साडेबाराला. त्यात लसणाच्या फोडणीचा वास आला. गुरुजींनी बशीतला चहा संपवला, काहीतरी लिहिलं आणि गेले.

वीस वर्षांनी मी एका फ्लॅटच्या दारात तशीच उभी. सासूबाई म्हणतायत "एकत्रच आहोत हो सगळे" आणि आतून दोन कुकरच्या शिट्ट्या, एक इकडून, एक तिकडून, सूरही वेगळे. सून दाराआडून माझ्याकडे बघतेय. मी पेनचं टोपण उगाचच लावलं, काढलं.

काय लिहिलं ते विचारू नका, जनगणनेची माहिती कायद्याने गोपनीय असते.