प्रार्थनेचे विषय

सिस्टरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि आमच्या चर्चच्या महिला मंडळाची प्रार्थनेच्या विषयांची वही माझ्याकडे आली. लांबट, जाड पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापडी पट्टी असलेली. दुकानदार उधारी लिहायला घेतात तसली वही. "बॉलपेन दाबून लिहू नको, मागच्या पानावर उठतं," एवढंच बजावून त्यांनी ती पिशवीतून काढून दिली. मिशन हॉस्पिटलातून रिटायर होऊन त्यांना जमाना झाला, पण बोलणं अजून नाइट ड्यूटीला आलेल्या नव्या पोरीशी बोलावं तसंच.

दुपारी सगळं आवरून मी सहज म्हणून वही चाळायला घेतली आणि चहाची वेळ टळून गेली.

प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले तीन रकाने. विषय, कोणाचा, उत्तर. "नातू, टायफॉइड, ताप 102" असं एका बुधवारी, आणि पुढच्या बुधवारी त्याच ओळीत शेवटी, "ताप नाही. वरणभात मागतो." बस्स. प्रभूच्या असीम कृपेने वगैरे एक शब्द जादा नाही. मिरजेत हे असंच व्हायचं. 1894 साली डॉक्टर वानलेस यांनी इथं दवाखाना उभा केला, तेव्हापासून गावातल्या ख्रिस्ती घरांत नर्स नाहीतर कंपाउंडर, गेला बाजार हॉस्पिटलच्या मेसमधला आचारी तरी निघतोच. त्यामुळे आमच्या मंडळात प्रार्थनासुद्धा निदानासकट होते. दुसरीकडच्या बायका म्हणत असतील, "प्रभू, तिला बरं कर." आमच्याकडे, "प्रभू, तिचं क्रिएटिनिन खाली आण, आणि डायलिसिसची वेळ येऊ देऊ नको."

सभा बुधवारी चार वाजता, पाळीपाळीनं एकेकीच्या घरी. दारातच सलाम-सलाम होतं, चपलांचा ढीग पडतो, कोचावर पाय दुखणाऱ्या बसतात, बाकीच्या सतरंजीवर. पेटीवाल्या वहिनी काळी चार धरतात, ती निम्म्या जणींना झेपत नाही, म्हणून दुसऱ्या कडव्याला सगळ्याजणी आपापल्या पट्टीत उतरतात. पाळकीणबाई, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नी, बायबलातला शास्त्रभाग वाचतात, चार शब्द सांगतात. आणि मग त्या चष्मा काढून मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, "हं, विषय सांगा."

मला विचाराल तर सभा खरी इथून सुरू होते.

"माझं काही विशेष नाही," असं जी म्हणते तिचा विषय सगळ्यात लांब असतो. पोराची नोकरी, पोरीचं स्थळ, पुण्याला गेलेल्या सुनेचं तिसरं मिसकॅरेज, घराचा सातबारा. एखादी नुसतं "गुडघे" म्हणते आणि तेवढ्यात सगळ्यांना कळतं. सिस्टर मान खाली घालून लिहीत असतात. मधेच विचारतात, "उजवा की डावा?"

मग गोल करायचा, हातात हात धरायचे, एकेकीनं प्रार्थना करायची. आपली झाली की शेजारणीचा हात हळूच दाबायचा, की ती सुरू. माझा हात दाबला गेला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. मोठ्यानं प्रार्थना मला कधी नीट जमली नाही; दोन वाक्यांत आमेन गाठते आणि पुढचीचा हात दाबून मोकळी होते. पण ऐकायला मात्र मी पक्की आहे. त्यातही माझं एक खुसपट आहे. "प्रभू, तू जाणतोस," अशी सुरुवात झाली की मी कान टवकारते. कारण प्रभू जे जाणतो ते त्याला पुन्हा सांगायचं काहीच कारण नसतं. ते आम्हाला सांगायचं असतं. "प्रभू, तू जाणतोस की काल संध्याकाळी कोयना एक्स्प्रेस दीड तास लेट असताना पाव्हणे आमच्याकडे आले, आणि घरात कोणी पाणी विचारायलासुद्धा नव्हतं." सून तिथंच बसलेली, तिचेही डोळे मिटलेले. पुढचा हात तिचा. तीही काही कमी नाही: "हे पित्या, ज्यांचं कधीच समाधान होत नाही अशांना तू शांती दे." आमेन म्हणताना आमचा आवाज जरा जास्तच मोठा येतो.

लहानपणी मी आजीबरोबर सभेला जायची ती निव्वळ भडंगासाठी. लसणाचा खमंग वास स्वयंपाकघरातून यायचा आणि प्रार्थना संपता संपायची नाही. डोळे मिटून बसायचा हुकूम असायचा. मी एक मिटायची, एक उघडा. त्या उघड्या डोळ्याला जे दिसायचं ते सगळं माझ्या उंचीचं: हात. कांदा चिरून काळं पडलेलं बोट, फिनेलनं सोललेले तळवे, बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन. चाळीत तेव्हा एक नळ होता आणि त्या नळावरून आजीचं आणि पलीकडच्या खोलीतल्या काकूंचं कडाक्याचं वाजलं होतं. घागर आधी कोणाची, एवढंच निमित्त. अबोला इतका की एकीला बघून दुसरी दार लावून घ्यायची. पण सभेत बसायची जागा ठरलेली, आणि ती शेजारीशेजारी. त्या बुधवारी मी बघितलं, आजीनं हात पुढं केला नाही. काकूंनीही नाही. दोन्ही हात सतरंजीवर, मधे वीतभर जागा. गोल तिथं तुटलेला. मग पलीकडून कोणाची तरी प्रार्थना संपली, आजीचा हात दाबला गेला. आजीला पुढं पाठवायचं तर हात धरणं भाग होतं. तिनं न बघता काकूंचं मनगट धरलं, बाजारात दुधी भोपळा उचलावा तसं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हे प्रभू, हिच्या दम्याला उतार दे. रात्रभर खोकते, आम्हाला झोप नाही."

काकूंनीही उत्तर दिलं, अर्थात प्रभूलाच. त्यानंतर बरेच दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या त्या परमेश्वरामार्फतच. नळावर मात्र घागरीला घागर लागतच राहिली.

वहीतलं ऑगस्ट 2019 चं पान वेगळं आहे. तिथं रकाने नाहीतच. नुसते आकडे, एकाखाली एक, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या पाण्याचे. आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं, 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. कृष्णा त्या वर्षी 57 च्याही वर गेली. सभा कसली होतेय. आम्ही चर्चच्या हॉलमध्ये चपात्या लाटत होतो. सांगलीतून लोक अंगावरच्या कपड्यानिशी मिरजेत येत होते. कोणी म्हातारीला उचलून, कोणी पिंजऱ्यातल्या पोपटाला. पिठाची पोती येत होती, पेपरात चपात्या गुंडाळून पोरं मोटरसायकलवरून नेत होती. पाळकीणबाईंनी पोळपाटावरून हात न काढता प्रार्थना केली. त्या एरवी शास्त्राला धरून बोलतात, पण त्या दिवशी म्हणाल्या, "प्रभू, अलमट्टी धरणाचे दरवाजे उघडायला लाव. कर्नाटकाला सुबुद्धी दे." सगळ्या जणींनी पिठाच्या हातांनी आमेन म्हटलं. सिस्टरांनी पानाच्या तळाशी तारीख घालून लिहिलंय, "पाणी उतरू लागले." आणि त्याखाली, "लाटणी 3 हरवली."

आमच्या घरात मंडळाला बीबीसी म्हणतात. म्हणतात म्हणजे आमचे हे. बुधवारी मी परत आले की विचारतात, "काय बातम्या?" मी सांगत नाही. गेल्या वर्षी त्यांची अँजिओग्राफी ठरली. आदल्या बुधवारी मी निघाले तेव्हा हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर धरून बसले होते. मी चपला घातल्या, तेव्हा पेपराच्या मागून आवाज आला, "ते... विषयात घाल जरा." मी म्हटलं, "नाव घालून की नुसतं?" म्हणाले, "नावच घाल. घोळ नको."

घातलं. अँजिओग्राफीत फार काही निघालं नाही, गोळ्यांवर भागलं. पण मला त्यातलं लक्षात राहिलंय ते वेगळंच. नंतर महिनाभर हे बाजारात जातील तिथं मंडळातली कोणी ना कोणी भेटायची आणि विचारायची, "काय झालं मग?" भाजीवालीपाशी, बँकेत, पेन्शनच्या रांगेत. आधी हे वैतागले. मग एकदा बँकेतून आले ते जरा हिरमुसलेच होते. म्हणाले, "आज कोणी विचारलं नाही."

प्रार्थनेला उत्तर मिळालं ते सांगणाऱ्या साक्षी ऐकून मला तितकीशी उभारी येत नाही, हे मी इथंच सांगून टाकते. सगळं सुरळीत झालं, नोकरी लागली, गाठ साधी निघाली, प्रभूची स्तुती असो. ऐकून बरं वाटतं, पण ते त्यांचं झालेलं असतं. ते "काय झालं मग?" मात्र मला आठवडाभर पुरतं. हल्ली मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप झालाय. विषय टाकला की खाली हात जोडलेल्यांची रांग लागते. सिस्टरांना ते मान्य नाही. त्यांनी ग्रुपवर लिहिलं होतं, "हात जोडले म्हणजे प्रार्थना केली का? केली असेल तर 'केली' लिहा."

मार्चचा पहिला शुक्रवार आमच्यात मोठा. जागतिक प्रार्थना दिन. 1927 पासून हा दिवस जगभर पाळतात. दर वर्षी कुठल्या तरी एका देशातल्या बायका ती उपासना लिहितात, आणि त्या दिवशी देशोदेशीच्या बायका आपापल्या भाषेत तीच म्हणतात. 2025 ला कुक आयलंडच्या बायकांनी लिहिली होती. पॅसिफिक महासागरात कुठं तरी 15 बेटं. पेटीवाल्या वहिनींनी नातवाकडून नकाशा काढून आणला, त्यात ती बेटं दिसेनात, मग नातवाने पेनाने ठिपका काढून दिला. आम्ही त्यांच्या भाषेतला "किया ओराना" हा सलाम पाठ केला, कोणी "ओरणा" म्हणालं, कोणी "ओरडा". कागदी फुलांच्या माळा घातल्या. कुक आयलंडमधल्या बायकांचे गुडघे उजवे दुखतात की डावे, हे आम्हाला कळायचा मार्ग नव्हता. तरी एकीनं त्यांच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केलीच. वहीत त्या ओळीला उत्तराच्या रकान्यात सिस्टरांनी लिहिलंय, "कळवण्याची सोय नाही."

त्याच्या आदल्या वर्षीची उपासना पॅलेस्टाइनच्या बायकांची होती. तो रकाना तसाच रिकामा आहे.

आणि मग 'म. वि.'. पानापानांवर हे दोनच अक्षरांचं. मनातला विषय. सांगलीहून सिटी बसनं एक बाई यायच्या, कोपऱ्यात बसायच्या, आणि विषय सांगायची वेळ आली की म्हणायच्या, "माझा मनातला आहे." सिस्टर लिहायच्या: म. वि. बाईंचं नाव. उत्तराच्या रकान्यात एक आडवी रेघ. पुढच्या बुधवारी पुन्हा. आधी आम्ही तर्क लढवले. नवरा पितो म्हणावं तर तो वारलेला. पोरगा दुबईत, तो पैसे पाठवतो. कोणी म्हणालं कोर्टाचं असेल, कोणी म्हणालं, भावकीचं. एका बुधवारी पाळकीणबाईंनी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना वाचायला घेतली. हन्ना मंदिरात प्रार्थना करत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजक दारातून बघत होता, त्याला वाटलं, बाई प्यायलेली आहे. तो तिला म्हणतो, किती वेळ अशी नशेत राहशील? एवढं वाचून पाळकीणबाई थांबल्या. स्पष्टीकरण नाही, काही नाही. पण तर्क थांबले.

तेव्हापासून आम्ही त्या विषयासाठी नेटानं प्रार्थना केली. कशासाठी ते माहीत नसल्यामुळे ती नीट होते, असं माझं मत आहे. क्रिएटिनिन नाही, सातबारा नाही, देवाला सल्ला द्यायची सोयच नाही. मलासुद्धा ती मोठ्यानं जमायची.

वहीत एका पानापासून म. वि. बंद आहे. मला तो बुधवार आठवतो. सभा माझ्याच घरी होती. पाळकीणबाई म्हणाल्या, "हं, विषय सांगा," आणि त्या बाई म्हणाल्या, "माझा आता काढून टाका." आवाजात आनंद नव्हता, दुःखही नव्हतं. मिळालं की सोडून दिलं, कळेना. सिस्टरांनी पेन उचललं, त्यांच्याकडे बघितलं, आणि पुढच्या बाईला म्हणाल्या, "तुमचा?"

त्या बाई अजून येतात. कोणी विचारलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी भडंग दोनदा घेतलं, म्हणजे उत्तर चांगलंच आलं असणार, असं पेटीवाल्या वहिनींचं ठाम म्हणणं आहे. सिस्टर म्हणाल्या, "सांगलीहून बसनं येते ती. भूक लागली असेल."