राजापूर तालुका: कशेळी, आडिवरे, देवीहसोळ

मुंबईकडून येणारी गाडी राजापूर बघते ती हायवेवरून: चहा, वडापाव, अर्जुना नदीवरचा पूल आणि पुढे सरळ मालवण. तालुक्याचा खरा ऐवज पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला आहे. म्हणून आम्ही रत्नागिरीहूनच पावस, पूर्णगड असा किनाऱ्याचा रस्ता धरला. मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल आणि गावखडीचं सुरूबन मागे टाकलं की कशेळी येतं. पेट्रोल रत्नागिरीतच भरून घ्या आणि सुटे पैसेही जवळ ठेवा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, मोबाईलची रेंज जाते, मग ऑनलाइन पैसे कुठले!

कशेळीचा कनकादित्य म्हणजे सूर्यनारायण. दगडी शिखर आणि नक्षीदार भिंती शोधत जाल तर हिरमोड होईल. हे कोकणी देऊळ आहे: उतरतं छप्पर, ऐसपैस अंगण, आणि सगळं वैभव सभामंडपातल्या लाकडात. मान वर करून छताचं कोरीवकाम बघा, घाई करू नका. खांब हात लागून लागून गुळगुळीत झालेत, कोनाड्यांतली नक्षी मात्र अजून धारदार आहे. मूर्तीची कथा गावात कुणीही सांगेल. वेरावळहून मूर्ती घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याचं जहाज इथे अडलं, त्याने एक मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि कनका नावाच्या भक्त बाईला दृष्टान्त झाला. कथा कथेच्या जागी. पण शिलाहार राजा दुसरा भोज याचा कशेळीचा ताम्रपट शके १११३, म्हणजे इ. स. ११९१ चा आहे. गाव किती जुनं, याचा त्यावरून अंदाज येतो. ती गुहा देवघळीला आहे. तिथले कडे सरळ समुद्रात उतरतात, तेव्हा पावसाळ्यात कडेला जाऊन फोटो काढण्याचा अट्टहास नको.

रथसप्तमीला इथे मोठा उत्सव असतो. कालिकावाडीहून कालिकादेवी वाजतगाजत येते. त्या दिवसांत जायचं तर राहण्याची सोय आधी फोन करून पक्की करा. एरवी घरगुती खोली आणि जेवण मिळतं, पण तेही आगाऊ सांगितलं तरच. ऐन वेळी जाऊन ताट मागणं बरं नव्हे, भात तेवढाच टाकलेला असतो.

आडिवऱ्याची महाकाली इथून जवळच. नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आडवारी सकाळी जा. दुपारी नैवेद्यानंतर गाभारा बंद मिळेल, हे धरूनच बेत आखा. ओटी भरायची असेल तर नारळ-खण दारातच मिळतो.

आता माझ्या मते या भागाची खरी गंमत: देवीहसोळ. आर्यादुर्गेच्या देवळाजवळ कातळावर खोदलेलं एक भलंमोठं चौकोनी शिल्प आहे, आत सगळी नागमोडी वळणं. ते कुणी आणि कशासाठी खोदलं, हे कुणालाच ठाऊक नाही. देवी मात्र त्याच्या शेजारी नांदते आहे. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. देवीहसोळ, कशेळी, बारसू आणि देवाचे गोठणे इथली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात. भर दुपारी नुसता काळा कातळ दिसेल आणि टाळू तापेल ती वेगळीच. पावसाळ्यानंतर गवत वाढून शिल्पं झाकली जातात, त्यामुळे जानेवारीपासून पुढे बरं. शिल्पावर उभं राहायचं नाही, खडूने रेषा गिरवायच्या नाहीत. सोबत गावातला कुणीतरी घ्या, वाट सापडायला आणि विचारून गेलेलं बरं म्हणूनही.

राजापूर शहरात उतरलात तर मृडानी नदीकाठचा धूतपापेश्वर चुकवू नका, पावसाळ्यात धबधबा देवळालगतच कोसळतो. उन्हाळे गावातल्या गंगेची १४ कुंडं मात्र गंगा आली आहे का, हे विचारूनच गाठा. ती आपल्या मर्जीने येते आणि जाते. शेजारचा गरम पाण्याचा झरा बारमाही आहे.

रेल्वेने येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: राजापूर रोड स्टेशन शहरापासून बरंच लांब, सोलगावला आहे. रात्री उशिराच्या गाडीने उतरणार असाल तर रिक्षा आधी ठरवून ठेवा. कशेळी-आडिवऱ्यासाठी रत्नागिरीला उतरून एसटी पकडणं सोयीचं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या.