आमची वाटचाल : २० मुलं, दोन ताया

आमची बालवाडी माँटेसरी पद्धतीची, म्हणजे मूल साहित्य हाताळून स्वतः शिकतं अशी, आणि पहिल्यापासून एकाच वर्गाची. २० मुलं, दोन ताया, मदतीला एक मावशी. शहरात एवढ्याशा वर्गावर भागत नाही, असं आम्हाला पुष्कळांनी ऐकवलं. भागलं, आणि फी परवडेल अशी ठेवून भागलं. याचा आम्हाला अभिमान आहे.

बालवाडीचा खर्च म्हणजे आधी पगार, मग भाडं. साहित्य त्याच्या बरंच खाली. त्यामुळे फी उतरवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एका ताईमागे मुलं वाढवणं. १० ची १५ केली की दर मुलामागचा पगाराचा वाटा एक तृतीयांशाने उतरतो, २५ केली तर ६० टक्क्यांनी. कागदावर झकास दिसतं. पण तीन वर्षांच्या मुलाला शू लागते, चड्डीचं बटण निघत नाही, ताईला सोबत जावं लागतं. तेवढा वेळ उरलेली २४ मुलं कुणाच्या नजरेत? मग एकच उपाय उरतो, सगळ्यांना हाताची घडी घालून बसवायचं. असा वर्ग दारातून शिस्तीचा दिसतो, म्हणून पालक फसतात.

रस्त्यापलीकडे बालवाड्यांच्या एका मोठ्या साखळीची शाखा उघडली तेव्हा हेच झालं. काचेचं दार, भिंतीवर डिजिटल पडदा, न्यायला-आणायला गाडी, आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हातात गिरवायची वही. फी आमच्याहून कमी, पण वर्षाची एकरकमी. आमची जवळजवळ निम्मी मुलं भर वर्षात तिकडे गेली. आमच्या वर्गात १७ मुलं असली तर खर्च जेमतेम निघतो. भाडं थकलं. एक ताई कमी करा, असं जो तो सांगत होता. ताई कमी केली नाही, जागा सोडली. फक्त संध्याकाळी वापरात असलेला एक हॉल सकाळपुरता घेतला.

अशा जागेत रोज मांडायचं आणि रोज आवरायचं. त्यासाठी कपाटांना चाकं लावली, चारही चाकांना ब्रेक. उंची मुलाच्या छातीपर्यंतच, आणि जड साहित्य तळाच्या फळीवर. उंच कपाटाला चाकं कधीही लावू नयेत. मूल फळीवर चढलं की कपाट अंगावर येतं.

या साहित्याच्या कामात सुतारकाका पहिल्यापासून आमचे भागीदार. गुलाबी मनोरा म्हणजे एकावर एक रचायचे १ सेंटीमीटरपासून १० सेंटीमीटरपर्यंतचे १० ठोकळे, एवढं या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतं. कस लागतो तो मिलिमीटरचा. सर्वांत लहान ठोकळा प्रत्येक पायरीवर काठाशी काठ जुळवून ठेवला की नेमका बसला पाहिजे. लाकूड नीट वाळलेलं नसेल तर पुढे वाळताना आक्रसतं, वाकतं, दट्ट्यापेटीतले (लाकडी ठोकळ्यातल्या मापाच्या भोकांत बसवायचे) दट्टे अडकतात, आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. चूक दाखवायचं काम साहित्याचं असतं, ते ताईवर पडलं की साहित्य फुकट गेलं. रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको. विकत घेताना डब्यावर तसं छापलेलं बघावं. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मनोऱ्यातले सर्वांत लहान दोन ठोकळे काढून ठेवावेत. सुट्या भागांच्या तपासणीची नळी सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाची असते. १ आणि २ सेंटीमीटरचे ठोकळे तिच्यात जातात, म्हणजे ते घशातही अडकू शकतात. ३ सेंटीमीटरचा जात नाही.

फीची घडी बसली ती रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेमुळे. पगार आणि जादा पाळीचे पैसे वेगवेगळ्या तारखांना मिळतात, तेव्हा फी महिन्यातून दोनदा भरू द्या, असं तिने सुचवलं. आम्ही ती सोय सगळ्यांनाच दिली आणि थकबाकी ओसरली. कमी मिळकतीचं घर फीच्या आकड्यापेक्षा एकरकमी मागणीला जास्त घाबरतं. तिची दोन्ही मुलं आमच्याकडेच वाढली, पडत्या काळातही तिने त्यांना हलवलं नाही.

समोरची शाखा पुढे वर्ष पुरं व्हायच्या आतच बंद पडली. पालकांचे पैसे अडकले. मुलं परत आली ती पेन्सिल मुठीत आवळून, पानाला भोक पडेपर्यंत दाबणारी. या वयात मनगटातली हाडं पुरती तयार झालेली नसतात. अशा मुलांच्या हातून पेन्सिल काढून घ्यावी आणि चिमट्याने मणी उचलणं, ओला स्पंज पिळणं, कागद फाडणं, मग कात्री, या क्रमाने न्यावं. लिहायला कधी शिकवणार, असं आम्हाला अजून रोज विचारलं जातं. हेच लिहायला शिकवणं आहे, हे आम्हीही रोज सांगतो.

भर वर्षात आलेली मुलं सामावली, कारण आमचा वर्ग तीन ते सहा वयाचा मिश्र आहे. दरवर्षी साधारण एक तृतीयांश मुलं बाहेर पडतात. बाकीची मुरलेली असतात, नव्यांना चप्पल कुठे ठेवायची तेही तीच दाखवतात. नवी मुलंही एकदम घेऊ नयेत. तीन-चार घ्यावीत, ती रुळली की पुढची.

माँटेसरी पद्धत श्रीमंतांची, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ती सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरींचं पहिलं बालघर ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत, भाडेकरूंच्या इमारतीतच उघडलं. मुलं राहतात तिथेच जागा असली की गाडीचा खर्चच उरत नाही.

पालकांनी बालवाडी बघायला जाताना पडदे, खेळणी बघू नयेत. आज किती मुलं आली आहेत आणि किती मोठी माणसं आहेत, ते मोजावं. ताई किती वर्षं तिथे आहे ते विचारावं. भिंतीवर २० सारखीच चित्रं लावलेली असतील तर ती ताईची, मुलांची नव्हेत. आणि स्वच्छतागृह बघितल्याशिवाय निघू नये.

आता दुसऱ्या वर्गाची मागणी आहे. सुतारकाकांनी दट्ट्यापेट्यांचं लाकूड वाळत ठेवलं आहे, आणि नवी ताई जुन्या ताईच्या हाताखाली काम करते आहे. ती एकटीने वर्ग सांभाळू लागेपर्यंत दुसऱ्या वर्गाचे प्रवेश आम्ही उघडणार नाही.