माझा अनुभव : रॉक ग्लेशियरचा वेग आणि कापलेल्या कडांची छायाचित्रे

दगड आणि बर्फ यांच्या मिश्रणातून बनलेला रॉक ग्लेशियर उतारावरून वर्षाला काही सेंटिमीटर ते काही मीटर सरकतो, त्यामुळे त्याच्या वेगात काय बदल झाला हे जाणण्यासाठी काही दशकांपूर्वीची छायाचित्रे हाती असावी लागतात. अलीकडची उपग्रहचित्रे मला सहज मिळाली आणि जागेवरची जीएनएसएस मोजणीही (उपग्रहांच्या संकेतांवरून नेमकी जागा ठरवणारी) सुरळीत पार पडली.

काम अडले ते जुन्या हवाई छायाचित्रांपाशी. अभिलेखागाराने पाठवलेल्या स्कॅनमध्ये प्रत्येक छायाचित्राच्या कडा कापलेल्या होत्या. फिड्युशियल खुणा, म्हणजे कॅमेऱ्याने चित्रावर उमटवलेल्या संदर्भखुणा, नेमक्या त्या कडांवर असतात, आणि त्यांच्यावाचून चित्राचा मध्य किंवा फिल्मचे आकुंचन ठरवता येत नाही. कॅमेऱ्याची अचूक मापे देणारे कॅलिब्रेशन प्रमाणपत्रही सोबत नव्हते. मी तक्रार केली, तर चित्र स्पष्ट असल्याचे उत्तर आले. वर्षाला ३० सेंटिमीटर वेग धरला तर २० वर्षांत सहा मीटर अंतर पडते. चित्रे जुळवतानाच दोन-तीन मीटरची चूक राहिली, तर त्या सहा मीटरांवर भरवसा कसा ठेवायचा, हे पुन्हा पुन्हा लिहिताना माझा संयम सुटत चालला होता. ज्यांच्या ताब्यात हा ठेवा आहे, त्यांनी त्याचा उपयोग कशासाठी होतो हे एकदा तरी विचारायला हवे होते, असे मला आजही वाटते. अखेर कापलेला भाग लाल रेघेने दाखवलेला नमुना जोडून ‘चारही कडांसह संपूर्ण फ्रेम’ असे अर्जात स्पष्ट लिहिले, तेव्हा छायाचित्रांवरून अचूक मोजणी करण्यासाठीच्या फोटोग्रामेट्रिक स्कॅनरवर केलेले नवे स्कॅन आले. कोपऱ्यातली फिड्युशियल खुणेची बारीक फुली पडद्यावर दिसताच जीव भांड्यात पडला.

म्हणून पहिल्याच अर्जात संपूर्ण फ्रेम, प्रमाणपत्र आणि उड्डाणाची तारीख मागावी. तारीख उन्हाळ्याच्या अखेरची असावी, कारण बर्फ साचले की पृष्ठभागावरच्या वळ्या आणि चर दिसेनासे होतात. हवाई छायाचित्रे मिळतच नसतील, तर १९९५ मध्ये खुली झालेली, अमेरिकेच्या ‘कोरोना’ या हेरगिरी उपग्रहांची १९६० ते १९७२ या काळातील चित्रे उपयोगी पडतात. मात्र त्यांतील पॅनोरामिक (रुंद पट्टा टिपणाऱ्या) कॅमेऱ्यामुळे चित्राच्या आकारात येणारी विकृती वेगळ्या पद्धतीने काढावी लागते. कोणतीही चित्रे असोत, शेजारच्या स्थिर खडकावर किती सरकण ‘दिसते’ ते आधी तपासावे, कारण तेवढी आपल्या मोजणीची चूक असते.

जागेवरच्या मोजणीबद्दल सांगायचे राहिले. पुष्कळ रॉक ग्लेशियर शरद ऋतूच्या सुमारास वेगाने आणि हिवाळा सरताना संथपणे सरकतात. त्यामुळे मोजणी दरवर्षी त्याच सुमारास करावी, नाहीतर ऋतूंमधला फरक हवामानबदलाच्या खात्यावर जमा होतो.