वर चिखल, खाली कोरडं

सांगलीत विश्रामबागमधल्या त्या बंगल्यात मी गेलो, तेव्हा लॉन उपटून नवीन लावायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. एप्रिल लागला तशी हरळी पिवळी पडत चाललेली. "सकाळ-संध्याकाळ पाणी देतोय की ओ, अजून किती द्यायचं?" काका कळवळून म्हणाले.

पिशवीतला लांब स्क्रू-ड्रायव्हर मी जमिनीत दाबला. इंचभर गेला आणि अडला. खुरप्यानं ढेप काढली, तर वर चिखल, खाली काळी माती दगडासारखी, आणि सगळी मुळं त्या वरच्या इंचात अडकलेली. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं. घाईनं सोडलेलं बरंचसं फरशीवरून गटारात जात होतं, उरलेलं उन्हानं उडत होतं. खाली ओलच नाही म्हटल्यावर मुळं खाली जाणार कशाला?

मग काकूंकडून सरळ काठाचे स्टीलचे डबे मागून घेतले, लॉनभर मांडले आणि त्यांचा स्प्रिंकलर पंधरा मिनिटं चालवला. पट्टीनं मोजलं. मधल्या डब्यांत आठ मिलिमीटर, कुंपणाकडच्यांत जेमतेम तीन. लॉन जास्त पिवळं तिकडंच होतं. काका डबा हातात धरून बघतच राहिले. हे मोजमाप प्रत्येकानं करावं असं मला मनापासून वाटतं. त्याला पैसा लागत नाही.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर धरलं, तर त्यांच्या हजार चौरस फुटांना सुमारे 2300 लिटर लागतं. ते दोन-तीन पाळ्यांत द्यायचं, तेही पहाटे. संध्याकाळी दिलं तर पाती रात्रभर ओली राहून बुरशी धरते. एका पाळीतही सलग नाही. दहा मिनिटं सोडायचं, अर्धा तास मुरू द्यायचं, परत सोडायचं. स्क्रू-ड्रायव्हर सहज पाच इंच गेला की बंद. चालल्यावर पावलाखालचं गवत लगेच उठलं नाही, की पुढची पाळी.

काका मूळचे वाळवा तालुक्यातले, ऊस केलेले. वाफसा, म्हणजे मातीत ओलही आणि हवाही, असं म्हटल्यावर पुढं काही सांगावं लागलं नाही. "जादा पाण्यानं चोपण झालेली, खारवटून नापीक पडलेली रानं बघितल्यात मी," म्हणाले, "आणि दारात तेच करत होतो."

पुढच्या महिन्यात ढेप काढली, तेव्हा मुळं चार इंचांपर्यंत उतरली होती. कुंपणाकडचा पट्टा अजून विरळ आहे. तिथं दुसरा स्प्रिंकलर बसवायचाय.